तेल ते तेल

खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत बशीपर्यंत पोचायचं, तिथले कॅमेरे उतरवायचे आणि जीव घेऊन खाली यायचं. एवढंच निमिषला करायचं होतं!

बशी म्हणजे एक तळं. वायोमिंगमधल्या विंड रिव्हर पर्वतरांगेत, जिथे झाडं उगवायची थांबतात त्याच्याही वर, तीन कड्यांच्या मध्ये ते पडलेलं आहे. नकाशावर त्याला नाव नाही, नुसता उंचीचा आकडा आहे. बशी हे नाव निमिषचं. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात तो वुल्व्हरिन या प्राण्यावर पीएच.डी. करत होता. वुल्व्हरिन म्हणजे पाणमांजराच्या कुळातला, कुत्र्याएवढा, बर्फात राहणारा आणि माणसाला आयुष्यभर हुलकावणी देणारा प्राणी. निमिषनं त्याला तीन वर्षं दिली होती. पावलांचे ठसे दिसले, केस सापडले, विष्ठा सापडली. प्राणी काही दिसला नाही! शेवटचा उपाय म्हणून त्या उन्हाळ्यात त्यानं बशीच्या काठानं हालचाल होताच आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लोखंडी डब्यांत घालून खडकांना बांधले होते. फोटो मिळाले तर प्रबंध पुरा होणार होता. नाही मिळाले, तर मे महिन्यात शिष्यवृत्ती बंद, तिच्यामागोमाग व्हिसा बंद, आणि तीन वर्षांचं काम गुंडाळून नागपूरचं विमान. गेल्या हिवाळ्यात बशीच्या उतारावर ठेवलेले दोन कॅमेरे हिमलोटानं असे नेले की त्यांचा स्क्रूसुद्धा मिळाला नाही. म्हणजे जायचं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नाहीतर कधीच नाही.

आणि नेमका तेव्हाच त्याचा कामातला जोडीदार नोकरी लागून निघून गेला. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात एकट्यानं जायला त्याच्या पीएच.डी.च्या गाइडची सक्त मनाई होती. निमिषनं फिनिक्सला ताईला फोन केला.

"येते की मी," आसावरी म्हणाली. "कोलंबस डेचा लाँग वीकेंड आहेच."

मागून शैलेंद्रचा आवाज आला. "मेव्हण्यांना सांग, मीपण येतोय! पिस्तूल घेऊन!"

आता या पिस्तुलाची कथा सांगायलाच हवी.

शैलेंद्र हा निमिषचा जिजाजी. चिपच्या कंपनीत मोठ्या पगारावर, शरीरानं भक्कम आणि जिभेनं त्याहून भक्कम. समोरच्याला चारचौघांत सोलल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. बायको हाताशी होती, म्हणून तिला रोज सोलायचा. मेव्हणा लांब होता, म्हणून त्याचं सगळं साठवून ठेवायचा. ग्रीन कार्ड आलं तेव्हा लोक देवाला पेढे ठेवतात. हा तडक बंदुकीच्या दुकानात गेला. म्हाताऱ्या दुकानदारानं त्याच्यापुढे एक साधं, जाडजूड रिव्हॉल्व्हर ठेवलं. "बिघडायला यात काही नाही," तो म्हणाला. शैलेंद्रनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काचेआड सेलची पाटी लावलेलं एक चकचकीत ऑटोमॅटिक पिस्तूल त्याला दिसलं होतं. नव्या कंपनीचं, नवं मॉडेल. तेच त्यानं घेतलं आणि घरी येऊन प्रत्येक मित्राला फोन करून सांगितलं.

पहिल्या रविवारी शूटिंग रेंजवर तिसरी गोळी अडकली. पुढच्या रविवारी दुसरीच. मग त्यानं गोळ्यांची कंपनी बदलली, मॅगझिन बदललं, इंटरनेटवरच्या फोरमवर रात्ररात्र वाचन केलं. दुकानदारानं पावतीवरची ओळ दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कंपनीकडे पाठवलं, ते 'दोष आढळला नाही' अशा चिठ्ठीसकट परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तीच चिठ्ठी. पण आपण फसलो हे कबूल करायचं तर ते बायकोसमोर करावं लागणार होतं. त्यापेक्षा पिस्तूल चांगलंच आहे, असं म्हणत राहणं सोपं होतं.

निमिष फिनिक्सला उतरला तो नेमका खंडेनवमीला. आसावरीनं पाटावर लाल कापड घालून लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, पान्ह्यांची पेटी मांडली होती. शैलेंद्रनं मधोमध पिस्तूल ठेवलं.

"इतकी वर्षं पेचकस पुजले," तो म्हणाला. "यंदा घरात खरं शस्त्र आहे!"

पूजेआधी त्यानं ते बायकोच्या हातात दिलं. "जरा तेल घाल यात. आतपर्यंत घाल. कोरडं पडलंय, म्हणून अडकतंय."

"कुठलं तेल घालू?"

"कुठलं म्हणजे? घरात असेल ते. तेल ते तेल! एवढ्यात पण डोकं चालत नाही?"

निमिष समोर सोफ्यावर बसून झेंडूची फुलं ओवत होता. ताईचा चेहरा उतरला तो त्यानं पाहिला आणि मान खाली घातली. आसावरीनं देवघराशेजारची निळी बाटली उचलली आणि सांगितलं होतं तसं अगदी आतपर्यंत तेल सोडलं. मग हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल नळीवर ठेवलं.

आणि दसऱ्याच्या दिवशी फिनिक्सच्या रणरणत्या उन्हात चमत्कार झाला! पिस्तूल चाललं! पहिलं मॅगझिन संपलं, दुसरं संपलं, तिसरं संपलं. एकही गोळी अडकली नाही. शैलेंद्र नाचायचाच बाकी राहिला.

"बघा मेव्हणे! आपल्या पूजेची पॉवर! तुमचं सायन्स बसलं बोंबलत!"

गाडी पुसायच्या फडक्यानं त्यानं ते वरवर, कौतुकानं पुसलं आणि कमरेच्या पाकिटात घातलं. उतरवून, उघडून ते साफ करायचं त्याच्या मनातही आलं नाही. देवीचा प्रसाद कोणी पुसून काढतं का!

दीड दिवस गाडी हाकून ते पायवाटेच्या तोंडाशी पोचले तेव्हा सकाळचं ऊन छान कोवळं होतं. निमिषनं सामान वाटून घेतलं आणि अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा छातीवरच्या पट्ट्याला अडकवला. त्यांच्याकडे तो एकच डबा होता.

"हे काय, डिओ?" शैलेंद्र म्हणाला.

"बेअर स्प्रे आहे जिजाजी. अस्वल अंगावर आलं तर तोंडावर मारायचा. बंदुकीपेक्षा याचा रिझल्ट चांगला आहे. रिसर्च आहे त्यावर."

"रिसर्च!" शैलेंद्रनं डबा खस्सकन ओढून घेतला. "तीन वर्षं रिसर्च करून एक मुंगूस सापडत नाही, आणि आम्हाला मिरच्या दाखवतोय. बघू तरी, तुमचं सायन्स किती तिखट आहे ते!"

"नको जिजाजी! एकच आहे! ऐका—"

फस्स! नारिंगी ढग समोरच्या पाइनच्या खोडावर जाऊन आपटला. शैलेंद्रनं बोट उचललं नाही. लहान पोरगं पिचकारी रिकामी करतं तसा त्यानं तो डबा शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. आणि वारा फिरला! ढग उलटून आला आणि थेट आसावरीच्या तोंडावर बसला. ती गुडघ्यांवर कोसळली. डोळे मिटलेले, नाक वाहतंय, खोकल्यानं श्वास घेता येईना. निमिष बाटलीमागून बाटली पाणी तिच्या डोळ्यांवर ओतत राहिला.

शैलेंद्र गाडीच्या बॉनेटला टेकून हसत होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांतही पाणी आलं होतं.

"आवडलं बुवा सायन्स!" तो म्हणाला. मग त्यानं पिस्तूल काढलं, खटकन गोळी आत सरकवली आणि पुन्हा पाकिटात ठेवलं. "चला. आता खऱ्या वस्तूच्या भरवशावर."

निमिषनं तिथूनच परत फिरायला हवं होतं. हे त्याला कळत होतं. पण आकाशात उत्तरेकडून पांढरे फटकारे यायला लागले होते, म्हणजे दोन दिवसांत बर्फ नक्की. आता फिरलं की कॅमेरे गेले. "ताई, चालवेल तुला?" त्यानं विचारलं. तिनं सुजलेल्या डोळ्यांनी मान हलवली, आणि तो निघाला.

पहिला दिवस नदीनं घेतला. पूल गेल्या वसंतात वाहून गेला होता, म्हणून बर्फाच्या पाण्यातून मांड्यांपर्यंत उतरून जावं लागलं. पाणी इतकं गार की पाय आधी दुखले आणि मग दुखायचे थांबले. थांबले तेव्हा निमिषला जास्त भीती वाटली. पलीकडे पडलेल्या झाडांचं रान लागलं. जुन्या वणव्यात जळालेली खोडं आडवीतिडवी पडलेली, एकावर चढायचं, दुसऱ्याखालून सरपटायचं. शैलेंद्रच्या पाठीवर सगळ्यात हलकी बॅग होती आणि तोंडाला विश्रांती नव्हती. आसावरी घसरली की हसायचा. निमिष नकाशा बघायला थांबला की म्हणायचा, "हरवलात? तुमच्या मुंगसाला विचारा!" निमिष दात आवळून चालत राहिला. बशी, कॅमेरे, प्रबंध, असं तो मनात म्हणत होता.

संध्याकाळी ते शेवटच्या झाडांपाशी पोचले. तिथून वर नुसता धोंड्यांचा उतार होता आणि त्याच्या माथ्यावर खिंड. मावळत्या उन्हात कडे तांबूस झाले होते, कुठल्यातरी खबदाडातून पायका नावाचे इवलेसे प्राणी शिट्ट्या घालत होते आणि दूर खाली एल्क नावाच्या मोठ्या हरणाचा नर आपल्या त्या विचित्र, बासरी फुटावी तशा आवाजात माद्यांना बोलावत होता. दिवसभरात पहिल्यांदाच निमिषला बरं वाटलं. इथे तो घरी होता. मग सूर्य गेला आणि थंडीनं तंबूला मगरमिठी मारली.

सकाळी बाटल्यांतलं पाणी दगड झालं होतं. निमिषचे ओठ फुटून रक्त आलं होतं. आसावरीनं नेहमीच्या सवयीनं बॅगेतली छोटी निळी बाटली काढली आणि त्याच्या ओठांना लावायला तळहातावर उलटी केली.

काहीच पडलं नाही. तिनं बाटली दाबली, झटकली. मग झाकण काढून आत पाहिलं. आत पांढरंशुभ्र, घट्ट खोबरेल.

"थिजलंय," निमिष म्हणाला. "दे, स्टोव्हवर धरतो." आणि त्यानं बाटली घ्यायला हात पुढे केला, तर ताई ती सोडेना. ती बाटलीकडे बघत होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"निमिष," ती अगदी हळू म्हणाली. "मी पिस्तुलात हेच घातलंय."

तंबूच्या मागे शैलेंद्र मोठ्यानं शीळ घालत बुटांच्या नाड्या बांधत होता.

"आतपर्यंत?"

"ते म्हणाले आतपर्यंत घाल. हळद-कुंकूपण गेलं असणार आत." तिनं त्याचा हात धरला. "यांना सांगू नको रे. इथे नको. मला फाडून खातील. घरी गेल्यावर मी गुपचूप पुसून ठेवते."

निमिष उठला. ताईनं नको म्हटलं तरी हे सांगायलाच हवं होतं. "जिजाजी, ते पिस्तूल एकदा जरा—"

"ए! पिस्तुलाचं नाव तुमच्या तोंडून नको, मेव्हणे." शैलेंद्रनं वरही पाहिलं नाही. "मिरच्यावाले तुम्ही. तुम्ही आपले कॅमेऱ्यांचे डबे मोजा. मोजता येतात ना? का त्याला पण रिसर्च लागतो?"

निमिषनं तोंड मिटलं. एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते त्यानं गिळलं. खटका ओढतोय आणि काही होत नाही, तेव्हा याचा चेहरा कसा होईल, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं. भोगा मग, असं मनात आलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तसं आल्यावर त्याला बरं वाटलं.

धोंड्यांवरून चढता चढता उत्तरेचं आकाश शिशाच्या रंगाचं झालं. खिंडीच्या अलीकडे खुरट्या झुडपांचा एक पट्टा होता. त्याच्यावर डोमकावळे घिरट्या घालत होते. निमिष जागच्या जागी थांबला.

"काहीतरी मेलंय तिथे," तो म्हणाला. "एल्क असेल. शिकाऱ्यांनी जखमी केलेला वर येऊन मेला असेल. त्याच्यावर अस्वल बसलेलं असू शकतं. आपण डावीकडून कड्याखालून वळसा घालू."

"किती वेळ?"

"तासभर जास्त."

"तासभर!" शैलेंद्रनं आभाळाकडे बोट दाखवलं. "ते बघा काय येतंय. तुमच्या डब्यांसाठीच चाललोय ना आपण? का नाही? सरळ चला. पिस्तूल आहे."

निमिषनं वर पाहिलं. खिंड हाताच्या अंतरावर दिसत होती. तिच्या पलीकडे पोचलं की बशी. वळसा घातला तर बर्फ आधी पोचणार होता. ताईनं त्याची बाही ओढली. पिस्तूल चालणार नाही, एवढे तीन शब्द अजूनही त्याच्या तोंडात होते. तो शैलेंद्रच्या मागून चालायला लागला.

झुडपं संपता संपता वास आला. मग माशा दिसल्या, इतक्या थंडीतही. मग मातीचा आणि गवताचा ढीग, त्यातून वर आलेलं एक शिंग.

आणि ढीग उठला!

नाही, ढिगामागून ते उठलं. तपकिरी, पाठीवर मोठं वशिंड, तोंड कानांपर्यंत रक्तानं... निमिषला पुढचं नीट दिसलंच नाही. फुत्कार ऐकू आला. दातांवर दात आपटल्याचा आवाज. अस्वलानं डोकं खाली घातलं. कान मागे!

"पालथे पडा!" निमिष ओरडला. ताईच्या खांद्याला धरून त्यानं तिला खाली पाडलं आणि तिच्यावर आडवा झाला. "जिजाजी! पालथे पडा! मान झाका!"

शैलेंद्र पडला नाही. पाय फाकवून, दोन्ही हातांत पिस्तूल धरून तो उभा राहिला, रेंजवर उभा राहायचा तसाच. अस्वल सुटलं. एवढा मोठा देह, आणि केवढा तो वेग!

टक्.

बारीक, बोदा आवाज. पुन्हा खटका. काही नाही! शैलेंद्रनं वरची पट्टी मागे ओढली. ती थिजलेल्या तुपातून चमचा यावा तशी आली आणि अर्ध्यावर राहिली. त्यानं तिला तळहातानं मारलं. "चल ना! चल ना रे!" तो किंचाळला. पिस्तुलाला असं विनवताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं.

अस्वल पोचलं.

पुढचं निमिषनं पाहिलं नाही, ऐकलं. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा नसतो, तो त्याहून लहान आणि ओळखीचा असतो. शैलेंद्र ओरडत होता आणि जितका ओरडत होता तितकं अस्वल त्याला झटकत होतं. ताई खालून धडपडत होती, उठू पाहत होती. निमिषनं तिला सगळ्या वजनानं दाबून धरलं.

"आवाज बंद करा!" तो मातीत तोंड खुपसून ओरडला. "जिजाजी, मेल्यासारखे पडा! आवाज करू नका!"

आणि आयुष्यात पहिल्यांदा शैलेंद्रनं त्याचं ऐकलं. आवाज बंद झाला. अस्वलानं त्याला आणखी एकदा उलटापालटा केला, हुंगलं, आणि सोडलं. ते ढिगाकडे परत गेलं. एल्कवर माती ओढत असल्याचा खरखर आवाज येत राहिला. तिघंही पडून राहिले. पाठीवर काहीतरी हलकं, गार टेकलं. बर्फ पडायला लागला होता.

कोपरांवर सरपटत ते झुडपांच्या खाली आले, शैलेंद्रला ओढत. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. कोपरापासून खाली मांस उघडं होतं, खांदा सोललेला होता. निमिषनं कमरेचा पट्टा काढून दंडाला आवळला, काठी घालून पिळला. रक्त कमी झालं, थांबलं नाही. शैलेंद्रच्या डाव्या मुठीत पिस्तूल अजून होतं; आसावरीनं ते काढून घेतलं आणि बॅगेत टाकलं.

तेवढ्यात वारा पडला, ढग क्षणभर फाटले, आणि झुडपांच्या वरून, खिंडीच्या फटीतून निमिषला बशी दिसली. काळं, निश्चल पाणी. आणि काठावरच्या खडकांवर त्यानं स्वतः बांधलेल्या नारिंगी फिती!

आसावरीनंही त्या पाहिल्या. तिचे हात नवऱ्याच्या रक्तानं कोपरापर्यंत माखले होते.

"जा," ती म्हणाली.

"काय?"

"जा, घेऊन ये. वळसा घालून जा. मी बसते इथे यांच्याजवळ." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तीन वर्षं घातलीस तू. यांच्यासाठी नको सोडू. यांच्यासाठी तर नकोच."

निमिष उभा राहिला. पलीकडे तासाभराची वाट. त्याच्या पायाशी तो माणूस, जो ताईच्या डोळ्यांत मिरची भरून खो खो हसला होता. बर्फ दाट होत होता. शैलेंद्रचे ओठ निळे पडले होते.

"निमिष," शैलेंद्र पुटपुटला. मेव्हणे नाही, तुम्ही नाही. "निमिष, सोडून जाऊ नको रे मला."

निमिष दोन पावलं बशीच्या दिशेनं गेला. खरंच गेला. मग तो वळला, शैलेंद्रच्या डाव्या काखेत खांदा घातला आणि त्याला उचललं.

उतरताना काय काय झालं ते त्याला नंतर नीट आठवेना. धोंडे बर्फानं गुळगुळीत झाले होते. तिघं एकत्र पडायचे, एकत्र उठायचे. शैलेंद्र दोनदा बेशुद्ध पडला. दुसऱ्यांदा आसावरीनं त्याच्या थोबाडीत मारून त्याला उठवलं आणि मारल्यावर पुन्हा एकदा, जरुरीपेक्षा जोरात, मारलं. जळक्या खोडांच्या रानात त्यांनी त्याला पोत्यासारखा खोडांवरून ओढला. निमिषनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, कारण खिंड आता दिसत नव्हतीच. सगळं पांढरं झालं होतं.

नदीच्या अलीकडे घोड्याचं खिंकाळणं ऐकू आलं. मग धूर दिसला. शिकाऱ्यांचा कॅनव्हासचा मोठा तंबू! लाल दाढीवाला एक धिप्पाड माणूस धावत आला आणि त्यानं शैलेंद्रला निमिषच्या खांद्यावरून उचलून घेतलं. त्याच्या बायकोनं कात्रीनं बाही कापली, जखम धुतली, बांधली. सॅटेलाइट फोनवरून हेलिकॉप्टर मागवलं. हवा उघडली की येईल, पलीकडून उत्तर आलं. आसावरीनं ओल्या बॅगा तंबूतल्या लोखंडी चुलीभोवती रिकाम्या केल्या. पिस्तूलही तिथेच वाळत पडलं.

सकाळी ऊन पडलं. दाढीवाल्यानं चुलीशेजारचं पिस्तूल पाहिलं, शिवी हासडली आणि ते बाहेर घेऊन गेला. भरलेली बंदूक कोणी चुलीजवळ ठेवतं का!

धाड! धाड! धाड! धाड!

तो आत आला आणि रिकामं पिस्तूल खाटेवर ठेवलं. "नथिंग राँग विथ इट, बडी," तो म्हणाला. "वर्क्स लाइक अ चार्म."

शैलेंद्रचे डोळे खाडकन उघडले. रात्रभरच्या उबेनं आणि औषधानं त्याला तरतरी आली होती, आणि तरतरीबरोबर जीभही परत आली होती.

"चाललं?" तो म्हणाला. "आता चाललं? म्हणजे कंपनीचाच माल... कोर्टात खेचतो साल्यांना." मग त्याची नजर निमिषवर गेली. "आणि तुमचे डबे, मेव्हणे? आणले नाहीत? एवढ्या जवळ जाऊन? वा! म्हणजे माझी बोटं पण गेली आणि ट्रिप पण फुकट गेली."

दाढीवाल्याच्या बायकोनं, काहीतरी बोलावं म्हणून, निमिषला विचारलं, वर कशाच्या मागे होतात तुम्ही? वुल्व्हरिन, असं त्यानं सांगितलं. ती हसली. परवाच एक येऊन टांगलेलं मांस पळवून गेला, म्हणाली. भर उजेडात, या इथून, तंबूच्या दारातून. निमिषला हसू आलं आणि ते थांबेना. हसता हसता त्यानं तोंडावर हात धरला.

"हसताय काय?" शैलेंद्र म्हणाला. "हिला विचारा, हसण्यासारखं काय आहे यात."

आसावरी उठली. चुलीशेजारच्या सामानातून तिनं निळी बाटली उचलली, झाकण काढलं आणि नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धरली. आत पाण्यासारखं पातळ, पारदर्शक तेल.

"काल सकाळी हे पांढरं होतं," ती म्हणाली. "दगडासारखं. चुलीपाशी आलं आणि वितळलं. पिस्तुलात पण हेच घातलं होतं मी. देवघराजवळचं. तुम्ही सांगितलंत तसं, आतपर्यंत."

शैलेंद्रनं बाटलीकडे पाहिलं. मग पिस्तुलाकडे. मग आपल्या बँडेज बांधलेल्या, आखूड झालेल्या हाताकडे. समजायला त्याला वेळ लागला, पण समजलं.

"कधी कळलं हे तुला?"

"काल सकाळी. अस्वलाच्या आधी."

"आणि याला?"

"मलापण," निमिष म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. "सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात डबे मोजा. मग मी परत सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, जिजाजी. वेळ होता. मी सांगितलं नाही."

शैलेंद्रचं तोंड उघडलं. नेहमीसारखं काहीतरी येणार, म्हणून निमिषनं नकळत मान खाली घातली. शैलेंद्रनं डाव्या हातानं पिस्तूल खाटेच्या कडेला सरकवलं. बाहेर लांबून हेलिकॉप्टरची घरघर ऐकू यायला लागली आणि दाढीवाला त्यांना खूण करायला धावला.

शैलेंद्रचे ओठ थंडीनं फाटून काळे पडले होते. आसावरीनं बाटली तळहातावर उलटी केली आणि दोन बोटं तेलात बुडवली. तिला कुठलीही घाई नव्हती.

"हे... हे नको," तो म्हणाला.

"का? तेल ते तेल," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या ओठांवर ते चोळलं.

त्यानं तोंड फिरवलं नाही.